मुळावरच्या गाठीपासून केसाच्या मुळापर्यंत

पणन मंडळाच्या रोजच्या भावपत्रकात ‘वाशीम - अनसींग’ अशी एक स्वतंत्र ओळ असते. जात पिवळा, परिमाण क्विंटल, पुढे आवक आणि किमान-कमाल दर. वाशिम-पुसद रस्त्यावरच्या या गावाची उर्वरित महाराष्ट्राला नेमाने होणारी ओळख एवढीच, आणि ती सोयाबीनची आहे. मृगात पेरायचे, डवरे फिरवायचे, चक्रीभुंग्यापासून आणि पिवळ्या मोझॅकपासून वाचवायचे, दसऱ्याच्या आगेमागे सोंगून गंजी लावायची, थ्रेशरमधून काढायचे आणि मग ओलावा किती, माती-काडी किती यावरून अडत्याशी हुज्जत घालायची. या भागात सोयाबीनवर बोलणे म्हणजे भावावर बोलणे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये, हा आकडा शेतकऱ्याच्या घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो.

अलीकडे मात्र याच पिकाबद्दल एक वेगळाच प्रश्न कानावर येऊ लागला आहे. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला लोक हक्काने थांबवतात. पंचविशीतला एखादा तरुण डोक्यावरून हात फिरवत विचारतो, “सर, सोयाबीनच्या गोळ्यायनं केस येतात म्हणतात, खरं हाये का?” त्याच आठवड्यात एखादी माउली अगदी उलटे विचारते, “पोराले सोयाबीनच्या वड्या देऊ का नको? बायकी होते म्हणतात ना पोरगं.” पहिल्याच्या हातातल्या मोबाईलवर जाहिरात असते आणि तीत ‘आयसोफ्लेव्होन’ हा शब्द असतो. दुसरीला कुणीतरी व्हॉट्सॲपवर भीती पाठवलेली असते. दोघांच्याही घरी सोयाबीनची पोती असतात आणि दोघांच्याही ताटात सोयाबीन नसते.

ही पुस्तिका त्या दोघांसाठी लिहिली आहे. सोयाबीनमधील कोणती द्रव्ये केसांशी जोडली जातात, ती शरीरात काय करतात, आणि त्यातले किती सिद्ध झाले आहे, एवढाच तिचा विषय. प्रस्तावनेत मला या द्रव्यांची ओळख करून द्यायची आहे. ती करून द्यायची तर दुकानातल्या डबीपासून सुरुवात करून भागणार नाही, वावरात जावे लागेल.

श्रावणात, फुलोरा धरण्याच्या सुमारास, ओल्या मातीतून एक झाड अलगद उपटून पाहावे. मुळांवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्यापर्यंतच्या, कधी त्याहूनही मोठ्या गाठी दिसतील. एखादी गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी-तांबूस निघते. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्याच कुळातल्या प्रथिनाचा. आत हिरवट किंवा राखाडी दिसले तर ती गाठ काम करत नाही असे समजावे. या गाठींत ब्रॅडीरायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. पेरणीआधी गुळाच्या पाण्यात कालवून आपण बियाण्याला जे जिवाणूखत चोळतो, त्यात हेच जिवाणू असतात.

पण मातीत कोट्यवधी जिवाणू असताना नेमका हाच जिवाणू सोयाबीनच्या मुळापर्यंत पोहोचतो कसा? सोयाबीन त्याला बोलावते. मुळातून मातीत दोन द्रव्ये पाझरतात, डेडझीन आणि जेनिस्टीन. जिवाणूला ती ओळखू येतात, त्याच्या पेशीतली ठरावीक जनुके जागी होतात आणि तो उलट एक रासायनिक निरोप धाडतो. तो पोहोचला की मुळावरचे सूक्ष्म रोम वळतात, जिवाणूला कवेत घेतात आणि गाठ बांधायला सुरुवात होते. डेडझीनपासूनच झाड ग्लायसिओलिन नावाचे आणखी एक द्रव्य बनवते. मूळ कुजवणाऱ्या बुरशीशी लढण्याचे काम त्याच्याकडे असते. बोलावणे आणि राखण, ही झाडाची स्वतःची गरज. माणसाच्या टकलाचा तिथे संबंधही नाही.

डेडझीन, जेनिस्टीन आणि त्यांचा तिसरा भाऊ ग्लायसिटीन यांना मिळून आयसोफ्लेव्होन म्हणतात. ती दाण्यातही साठतात. आपल्या भागात वर्षानुवर्षे पेरल्या गेलेल्या जेएस ३३५ या वाणाचा दाणा घ्या. पिवळा, गुळगुळीत, मध्ये काळी नाभी. रात्रभर भिजवून दोन बोटांत दाबला की साल सुटते, दोन दळे वेगळी होतात आणि त्यांच्या टोकाशी चिमुकला अंकुर दिसतो. वजनाच्या मानाने सर्वांत जास्त आयसोफ्लेव्होन त्या अंकुरात असतात, पण अंकुर दाण्याच्या जेमतेम दोन टक्के, त्यामुळे एकूण साठा पाहिला तर तो मुख्यतः दळांतच असतो. ग्रॅमला साधारण एक ते तीन मिलिग्रॅम हे प्रमाण. वाणागणिक ते बदलते, आणि दाणे भरताना हवा थंड असली तर वाढते.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. सोयाबीनच्या तेलात आयसोफ्लेव्होन जवळपास उतरतच नाहीत. तेल काढल्यावर ते मागे राहिलेल्या पेंडीत राहतात, जिला व्यापारी डीओसी म्हणतात, आणि ती पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. म्हणजे आपला माल मोंढ्यावर घालून किराणा दुकानातून सोयाबीन तेलाचे पाकीट आणणारे कुटुंब या द्रव्यांपासून पूर्ण वंचित असते. नंतर तीच द्रव्ये परदेशी नावाच्या डबीत भरून शेकडो रुपयांना त्याच कुटुंबातल्या मुलाला विकली जातात. मला या व्यवहाराचा मनापासून राग येतो, आणि ही पुस्तिका लिहिण्यामागे तो राग आहे हे लपवण्याचे कारण नाही.

असे होणार नाही अशी आशा नव्वद वर्षांपूर्वी इथून फार लांब नसलेल्या वर्ध्यात बाळगली गेली होती. १९३५ साली मगनवाडीत असताना गांधीजींनी आश्रमाच्या स्वयंपाकघरात सोयाबीनचे प्रयोग करवले आणि त्यावर ‘हरिजन’मध्ये लिहिले. पुढच्याच वर्षी बडोद्याहून एफ. एस. काळे यांचे सोयाबीनच्या लागवडीवर आणि आहारातील उपयोगावर इंग्रजी पुस्तक निघाले, त्यात पाककृतींचा मोठा भाग होता. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिन यावे हा त्या साऱ्या खटपटीचा हेतू. विदर्भात सोयाबीन खऱ्या अर्थाने पसरले ते त्यानंतर चार-पाच दशकांनी, आणि तेव्हा ते ताटासाठी आले नाही, तेलाच्या गिरणीसाठी आले.

आता केसाकडे येऊ. डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे थांबतो, सुमारे तीन महिने विसावतो आणि गळून पडतो. त्याच्या जागी नवा येतो. रोज पन्नास ते शंभर केस जाणे हा या चक्राचाच भाग आहे. पुरुषांना कपाळाच्या दोन्ही कडांनी आणि टाळूवर जे टक्कल पडते त्याची गोष्ट वेगळी. तिथे टेस्टोस्टेरॉनपासून बनणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी, केसाच्या मुळाला हळूहळू बारीक करत नेते. हे कुणाला होणार हे बरेचसे आनुवंशिकतेवर ठरते. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवले, की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण निकामी झाले त्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही, मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले आणि घराण्यात टक्कल असले तर पडते. फिनास्टराईड हे औषध याच जागी काम करते. ते डीएचटी तयार होण्याला आळा घालते, रक्तातील त्याची पातळी सुमारे दोन-तृतीयांशाने खाली आणते. अमेरिकेत १९९७ साली टकलासाठी त्याला मान्यता मिळाली. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते आणि गर्भवतीने त्याच्या फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नसतो.

सोयाबीन या कथेत येते ते इक्वॉल नावाच्या द्रव्यामुळे. इक्वॉल सोयाबीनमध्ये नसते. आपल्या आतड्यातले काही जिवाणू डेडझीनपासून ते बनवतात. पहिल्यांदा ते सापडले १९३२ मध्ये, गाभण घोडीच्या मूत्रात. पुढे १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. त्या गवतातल्या अशाच द्रव्यापासून त्यांच्या पोटात इक्वॉल बनत होते आणि ते स्त्रीसंप्रेरकासारखे वागत होते, असे नंतर उलगडले. त्या माउलीच्या भीतीचे मूळ इतके जुने आणि इतके दूरचे आहे. पण त्या मेंढ्या दिवसभर दुसरे काही खात नव्हत्या, आणि त्यांच्या शरीरात गेलेल्या मात्रेची वाटीभर उसळीशी तुलना होत नाही.

सगळ्यांच्या आतड्यात हे जिवाणू नसतात. पाश्चात्त्य देशांत चारात जेमतेम एक माणूस इक्वॉल बनवू शकतो, तर जपान, कोरिया, चीनमध्ये निम्म्याहून अधिक. मुळावर जिवाणू नसेल तर सोयाबीनला हवेतला नत्र मिळत नाही, आतड्यात जिवाणू नसेल तर माणसाला सोयाबीनपासून इक्वॉल मिळत नाही. मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. एकच गोळी दोघांनी घेतली तर दोघांच्या रक्तात वेगवेगळी द्रव्ये फिरतील, आणि जाहिरातीत याचा उल्लेख नसतो.

२००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की इक्वॉल थेट डीएचटीलाच धरून ठेवते आणि त्याला त्याचे काम करू देत नाही. प्रयोग उंदरांच्या जातीतल्या घुशीएवढ्या प्राण्यांवर, म्हणजे रॅटवर झाला आणि मोजली गेली ती त्यांची प्रोस्टेट ग्रंथी. डीएचटी टकलाला कारण, इक्वॉल डीएचटीला आवरते, इक्वॉल सोयाबीनपासून बनते, म्हणून सोयाबीन टक्कल थांबवते, अशी मांडणी त्यानंतर होऊ लागली. पहिली तीन विधाने खरी आहेत. चौथे विधान त्यांतून आपोआप निघत नाही. ते माणसाच्या डोक्यावर तपासावे लागते.

तसे तपासण्याचे प्रयत्न थोडे झाले आहेत. जपानमधील हारादा आणि ओकाजिमा यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केस गळणाऱ्या ३१ जणांना पाच महिने रोज ७५ मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन आणि त्यासोबत ६ मिलिग्रॅम कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतले तिखट द्रव्य, दिले. त्यांतल्या २० जणांच्या केसांची वाढ सुधारली, तर खोटी गोळी घेतलेल्या १७ जणांपैकी फक्त दोघांची. आकडा मोठा आशादायक दिसतो. पण माणसे मूठभर, आणि सोयाबीनबरोबर मिरचीही असल्याने एकट्या सोयाबीनचे श्रेय किती हे त्यातून कळत नाही. २०१३ मध्ये तैवानमधील एका पाहणीत सोयादूध जास्त पिणाऱ्या पुरुषांत टक्कल कमी आढळले. मात्र सोयादूध पिणारा माणूस इतरही अनेक बाबतींत वेगळा जगत असतो, म्हणून अशा पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही. क्योतो विद्यापीठात सोयाबीनच्या प्रथिनापासून मिळालेल्या एका छोट्या तुकड्याने, ज्याला सोयमेटाइड म्हणतात, कर्करोगाच्या औषधाने होणारी केसगळती रॅटच्या पिलांत कमी झाली. चाई पडण्याचा आजार होणाऱ्या एका जातीच्या उंदरांत आहारातल्या सोयातेलाने आणि टोचलेल्या जेनिस्टीननेही आजाराला अटकाव झाला. चाई आणि पुरुषी टक्कल हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत, ही गोष्ट जाहिरातवाले सोयीने विसरतात. या साऱ्यावरून माझे मत असे बनले आहे, की विषय संशोधनाच्या लायक नक्कीच आहे, पण टक्कल थांबवण्याचा इलाज म्हणून सोयाबीन विकण्याइतका पुरावा आज हातात नाही.

आता त्या माउलीचे उत्तर. पुरुषांवर झालेल्या प्रयोगांचे एकत्रित आढावे २०१० आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सोयाबीनने किंवा आयसोफ्लेव्होनने पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये वा इस्ट्रोजेनमध्ये लक्षणीय फरक पडत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांबाबत युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये रोज ३५ ते १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होनचा अभ्यास करून स्तन, गर्भाशय किंवा थायरॉईडला अपाय होत असल्याचा पुरावा नसल्याचे सांगितले. तेव्हा लेकराला वड्या खुशाल द्याव्यात. पण याच निष्कर्षाची दुसरी बाजू त्या तरुणानेही पाहावी. फिनास्टराईडसारखे औषध रक्तातले संप्रेरक उघड हलवते. सोयाबीन तसे काही हलवत नाही. भीती जितकी कच्ची तितकीच ही आशाही.

केसगळतीवर वऱ्हाडात लिहायचे आणि शेगाव तालुक्याचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात बोंडगाव, काळवाड, कठोरा अशा गावांत माणसांचे केस अचानक मुठीने हातात येऊ लागले. डोके खाजायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोरी, म्हातारेकोतारे, कुणी सुटले नाही. वर्तमानपत्रांनी ‘टक्कल व्हायरस’ असे नाव दिले, कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी खारपाणपट्ट्यातल्या पाण्याला. लाजेने अनेकांनी डोकी भादरून घेतली, कॉलेजला जाणाऱ्या मुली घरात बसल्या, ठरलेली लग्ने अडली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक जानेवारीत गावांत आले. विंचूदंशावरील उपचारांसाठी जगभर माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःहून या गावांतून नमुने गोळा करून तपासले. त्यांच्या अहवालानुसार १८ गावांतल्या २७९ जणांना ही बाधा झाली होती. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते आणि जस्त कमी झालेले होते. रेशनच्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, जिथे १.९ ही मर्यादा धरली जाते. हा गहू उत्तरेकडून, पंजाब भागातून आलेला होता, असे त्यांनी सांगितले.

या प्रकरणाने दोन गोष्टी शिकवल्या, ज्या या पुस्तिकेच्या पानोपानी येतील. ताटातल्या धान्याचा केसांवर परिणाम होतो, आणि तो किती झपाट्याने होऊ शकतो, हे आपण शेजारी पाहिले. दुसरी अशी, की उत्तर मिळाले ते मोजल्यावर. रक्त मोजले, लघवी मोजली, गहू मोजला. अमुक तेल लावा, तमुक गोळी खा असे सांगणारे त्या दिवसांत पुष्कळ होते, त्यांच्याकडून कारण सापडले नाही.

अनसिंगसारख्या गावात केस विरळ होण्याची कारणे बहुतेक वेळा याहून साधी आणि ओळखीची असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शरीरात लोह नाही तर केस टिकणार कशाच्या बळावर? बाळंतपण, टायफॉईड, डेंग्यू, मोठे आजारपण किंवा घरातला जबर धक्का, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर जातात आणि कारण दूर झाले की बहुधा परत येतात. थायरॉईडचा बिघाड हेही मोठे कारण. आणि ताटातले प्रथिन. केस म्हणजे केराटिन, केराटिन म्हणजे प्रथिन. भाकरी-पोळी आणि पातळ वरण यांवर राबणाऱ्या शरीराला प्रथिन कमी पडले, तर ते आधी केसांची काटकसर करते.

सोयाबीनचे खरे मोल माझ्या लेखी इथे आहे. त्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिन असते, गव्हात बारा टक्क्यांच्या आसपास. हमीभावाने धरले तरी पन्नास ग्रॅम सोयाबीन तीन रुपयांच्या आत पडते, आणि ग्रॅमला दीड मिलिग्रॅम धरले तर जपानी प्रयोगातले ७५ मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन तेवढ्यातच आले. डबीची गरज कुठे उरली? मात्र कच्चे सोयाबीन खाऊ नये. त्यात प्रथिन पचू न देणारे घटक असतात, ते चांगले शिजवल्यानेच जातात. भिजवून, वीस-पंचवीस मिनिटे उकळून, वाळवून नऊ किलो गव्हात एक किलो मिसळून दळले, की पोळीला वासही येत नाही. त्यातल्या फायटेटमुळे लोह कमी शोषले जाते, म्हणून जेवणात लिंबाची फोड असावी. थायरॉईडची गोळी सुरू असलेल्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे, आणि आयोडीनयुक्त मीठ सोडू नये. ज्यांना सोयाबीनची ॲलर्जी आहे त्यांनी ते टाळावेच.

पुढील प्रकरणांत हे सारे विस्ताराने येईल. पाककृती मुद्दाम शेवटी ठेवल्या आहेत, पण ज्यांना रसायनशास्त्राचा कंटाळा आहे त्यांनी तिथूनच वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

वाचकांना एवढीच विनंती. या हंगामात माल मोंढ्यावर नेण्याआधी घरच्या ताटासाठी एक पोते बाजूला काढा. आणि केस नेहमीपेक्षा जास्त गळत असतील, तर कुठलीही डबी विकत घेण्याआधी सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. गावात एकाच वेळी अनेकांचे केस जाऊ लागले, तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा, आणि घरात शिल्लक असलेले धान्य टाकून देऊ नका, त्याचा नमुना तपासणीला लागतो.